विमानातनं आलेली पाठराखीण

घाटनांदूरला गाडी थांबायच्या आधीच पंचशीलाला माहीत होतं, आपले बाबा काय करणार. आधी खाकरणार. मग खिशातला रुमाल काढणार आणि काही न पुसता परत खिशात घालणार. आणि मग समोर धडधडीत उभ्या असलेल्या लेकीला विचारणार, "आलीस का?"

हैदराबादहून येताना खिडकीपाशी बसून तिनं हे वाक्य जालिंदररावांच्या आवाजात ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं होतं. शेवटचा 'का' ते घास अडकल्यासारखा गिळतात. तेवढं जमलं की जालिंदरराव जमले.

गाडी थांबली. जालिंदरराव खाकरले. रुमाल बाहेर आला, आत गेला.

"आलीस का?"

'का' गिळला. पंचशीलाला इतका आनंद झाला की रडायचं राहूनच गेलं.

"आले की," ती त्यांच्याच आवाजात म्हणाली.

"आजून तशीच हायेस," ते म्हणाले आणि बॅग उचलून पुढं चालू लागले. तोंड दिसू नये म्हणून माणूस जसा चालतो तसे.

घरी मुक्ताबाईनं लेकीला खालून वर पाहिलं आणि निकाल दिला, "वाळलीस." पंचशीला चांगली गुबगुबीत झाली होती, पण परदेशातून आलेलं लेकरू वाळलेलंच असतं, त्यात वजनकाट्याचं काही चालत नाही. मग गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. प्रश्न ठरलेले, फक्त आवाज वेगळे. "तिकडं लई थंडी म्हणं?" "तिकडं म्हणं मायबाप म्हातारे झाले की लेकरं घरात ठिवीत न्हाईत?" "मग तू त्या म्हाताऱ्यांचं काय काय करतीस गं?" आणि शेवटी खुर्ची जरा पुढं ओढून, "तुझं कधी?"

पंचशीला आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्यांच्या संस्थेत नर्स होती. तीन वर्षांनी सुट्टी मिळाली होती, तीही थोडकी, आणि ती सगळी तिनं बालमैत्रीण चैतालीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती. प्रत्येक बाई उठून गेली की पंचशीला तिचं पदर सावरणं, तिचं "आगं बया", तिचं चहा नको म्हणत कप पुढं करणं, सगळं आईला करून दाखवायची. मुक्ताबाई तोंडावर पदर धरून म्हणायची, "गप गं. वयाचा तरी मान ठिव."

हे तिचं लहानपणापासूनचं. शाळेत मुख्याध्यापक, एसटीचा कंडक्टर, डासाची फवारणी करायला येणारा नाकात बोलणारा माणूस, महिला मंडळाच्या अध्यक्षा, सगळे तिच्या गळ्यात राहायला होते. आणि प्रेक्षक एकच, चैताली. चैताली हसायची ती आवाज न करता. खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, शेवटी उचकी लागायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. त्यामुळे वर्गात नेहमी पंचशीला पकडली जायची आणि चैताली सभ्य ठरायची.

तिकडं आयर्लंडमध्ये पंचशीलानं पहिल्या महिन्यातच त्यांच्या मुख्य बाईची हुबेहूब नक्कल केली होती. चहाच्या खोलीत, सगळ्यांपुढं. कुणी हसलं नाही. एक पोरगी तिच्या खांद्यावर हात ठेवून फार प्रेमानं म्हणाली, "तुला बरं वाटतंय ना?" तेव्हापासून तिनं तिथं कुणाचा आवाज काढला नाही. खोलीवर आली की एकटीच मुख्याध्यापक काढायची, कंडक्टर काढायची. पण नक्कल ही काही एकट्यानं करायची गोष्ट नव्हे. मूळ माणूस ओळखणारं कुणीतरी समोर लागतं. नाहीतर ती नुसती एक बाई, बंद खोलीत, बाप्याच्या आवाजात तिकिटं फाडणारी. आवाज रेकॉर्ड करून ती चैतालीला पाठवायची. आधी चैतालीचा लगेच फोन यायचा, आणि फोनवर नुसती उचकी ऐकू यायची. मग पुढं पुढं हसरी पिवळी तोंडं येऊ लागली. मग एकच पिवळं तोंड.

तरी एक गोष्ट पक्की होती. आठवीत असताना दोघींनी कुणाच्या तरी लग्नात नवरीची जीप निघताना पाहिली होती. नवरी रडत होती आणि तिच्या शेजारी पाठराखीण म्हणून एक म्हातारी बसली होती, मांडीवर पानाचा डबा घेऊन, लाकडासारखी. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरचं एक माणूस तिच्यासोबत जातं, चार दिवस तिच्याजवळ राहतं आणि मांडवपरतणीला तिला घेऊनच परत येतं. ती पाठराखीण. ती लाकडाची म्हातारी पाहून दोघींनी तिथंच ठरवलं, आपल्याला असलं काही नको. मपली पाठराखीण तू, तुपली मी.

पंचशीला आधी गेली. पण नोकरीला, नांदायला नाही. विमानात सोबत कुणी येत नाही. उतरल्यावर तिकडचं दार उघडलं तेव्हा पाठीमागं तिची स्वतःची बॅग होती, आणि ती बॅगही दुसऱ्या दिवशी आली.

आता चैताली निघाली होती. थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाटोद्याजवळ. नवरदेव सतीश, विजेच्या खात्यात लाइनमन. आणि पंचशीलाला फक्त एवढंच हवं होतं की त्या गाडीत चैतालीशेजारी आपण बसावं. बाकी लग्नात जेवायला मिळालं नसतं तरी चाललं असतं.

पण चैतालीच्या आत्यानं, तुळजाबाईनं, आधीच पिशवी भरून ठेवली होती.

"पाठराखीण म्हातारी पायजे," तुळजाबाईनं अंगणात सांगून टाकलं. "जिला झोप येत न्हाई, भूक लागत न्हाई, आन् जिच्याकडं कुणी बघत न्हाई. कोपऱ्यात बसायचं आसतं पाठराखणीनं. ही पोरगी कोपऱ्यात बसंल व्हय?"

"बसंल," पंचशीला म्हणाली.

"तू? तू जलमली तवा दवाखान्यातल्या नर्सबाईची नक्कल करून दाखवलीस म्हणं!"

सगळ्या बाया हसल्या. तेवढ्यात हाताला मेंदी लावून घेत बसलेली चैताली मान वर न करता म्हणाली, "पंचीच यील. आमचं ठरलेलं हाय." झालं. तुळजाबाईनं पिशवीतलं लुगडं काढून परत खुंटीला लावलं, मोठ्यानं झटकून.

लग्न दुपारी लागलं. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि पांढऱ्या साडीत चैताली, नेहमीपेक्षा अर्धीच दिसणारी. माइकवरचा माणूस कुणाचा तरी मेहुणा होता आणि त्याला माइक सोडवत नव्हता. "वधूचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी स्टेजकडं यावं. मामा, जेवणाच्या मंडपात असाल तर हात धुवून यावं. मामा, बुंदी संपत नसते मामा." पंचशीलानं त्याला लगेच गळ्यात ठेवून घेतलं. बौद्धाचार्यांनी सर्वांना पंचशील ग्रहणासाठी उभं राहायला सांगितलं तेव्हा, शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमात व्हायचं तसं, चैतालीनं खाली घातलेली मान हळूच वळवून पंचशीलाकडं पाहिलं. 'तुला बोलावतेत' असं. खांदे एकदाच हलले. पंचशीलाला वाटलं, एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढलं ते वसूल झालं. मग फुलांच्या पाकळ्या पडल्या, "साधू, साधू, साधू" झालं, मामा शेवटी सापडले.

गाडीत चैतालीच्या एका बाजूला सतीश, दुसऱ्या बाजूला पंचशीला. केजपर्यंत चैताली रडली. मांजरसुंबा ओलांडल्यावर ती पंचशीलाच्या कानाशी म्हणाली, "भ्या वाटायलंय गं."

"मी हाय की."

"हायेस ना? मंग ऱ्हा."

पाटोद्याजवळच्या त्या घरी सासूबाई साखराबाई आणि नणंद वर्षाराणी दारात उभ्या होत्या. संध्याकाळी गल्लीतल्या बाया नवरी बघायला आल्या. चटईवर चैताली पदर घेऊन बसली, आणि पंचशीला, कबूल केल्याप्रमाणे, कोपऱ्यात. बायांनी नवरीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, "घाटनांदूरला पाणी कसं हाय" ते विचारलं. चैतालीनं उत्तरं दिली, पण इतक्या हळू की ती चटईपलीकडं गेलीच नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, "आन् ही कोण?"

"ही पाठराखीण," वर्षाराणी म्हणाली. "आयर्लंडला नर्स हायेत ताई. इमानातनं आल्यात."

झालं. सगळ्या चटया कोपऱ्याकडं वळल्या.

"बीपी बघता का व तुमी?" "मपल्या गुडघ्याचं काय करावं?" "तिकडं गोऱ्या म्हाताऱ्या कशा आसतेत? आपल्यासारख्याच कुरकुरतेत का?"

"आपल्यासारख्याच," पंचशीला म्हणाली, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण तिला तिची तिकडची एक म्हातारी आठवली, जी रोज सकाळी उठून विचारायची की माझे दात कुणी चोरले, आणि दात तिच्या तोंडातच असायचे. पंचशीलानं ती म्हातारी काढली. इंग्रजीत नाही, शुद्ध पाटोद्याच्या मराठीत. "आगं, मपले दात कुटं गेले गं? कुणी नेले? त्या पलीकडच्या खाटंवरचीनंच नेले, तिचं तोंड बघ की कसं भरलेलं दिसायलंय!"

घर हसलं. एकदम, भिंतीसकट. साखराबाई मांडीवर थाप मारत म्हणाली, "आगं माय, ही तर आमच्या आत्याबाई हायेत की!"

तीन वर्षांत पंचशीलानं असा आवाज ऐकला नव्हता. तहानलेल्या माणसाला तांब्या मिळाल्यावर तो घोट मोजत बसत नाही. तिनं माइकवरचा मेहुणा काढला, "मामा, बुंदी संपत नसते मामा." ज्यांनी दुपारीच तो माणूस ऐकला होता त्या बाया तर आडव्या झाल्या. तिनं कंडक्टर काढला. मुख्याध्यापक काढले. जेवणं झाली तरी बाया उठेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात चपलांचा ढीग. जुन्या तपासण्यांची पाकिटं घेऊन लोक आले. पंचशीला खुर्चीत, चहा खुर्चीत, नाश्ता खुर्चीत. चैताली स्वयंपाकघरात गेली तर साखराबाई मान न वळवता म्हणाली, "आसू दे, तू बस." आणि लगेच इकडं, "मंग गं पंचशीला? मंग ती म्हातारी काय म्हनली?"

संध्याकाळपर्यंत पंचशीलाची सगळी माणसं संपली. तुळजाबाईही खर्च झाली. वर्षाराणी म्हणाली, "ताई, आनखी एक. आता आमच्या वैनीची करा."

पंचशीलानं चैतालीकडं पाहिलं. चैताली हसली, म्हणजे परवानगीच, असं तिनं धरलं.

तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन बोटांनी कडा धरली, पापण्या खाली केल्या. आणि चैतालीनं फोनवर सांगितलेला तिचा बघायचा कार्यक्रम सुरू केला. "स्वयंपाक येतो का बाई?" "हो, सगळा येतो." "भाकरी?" "हो, भाकरी तर... भाकरी तर माझी आवड आहे." आणि मग आत जाऊन आईला, दातओठ खात, "आये, तू भाकरी गोल करून ठिवलीस न्हवं? मपली पुन्ना भारताच्या नकाशासारखी झालीय!"

वर्षाराणी लोळली. दारात उभा असलेला सतीश भिंतीला टेकून हसला. साखराबाई डोळे पुसत म्हणाली, "आता कळलं! म्हनून तवा ती भाकर इतकी गोल व्हती व्हय!"

चैतालीही हसली. खळखळून. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून.

तो आवाज पंचशीलाच्या कानांना लगेच खटकला. चैतालीला हसताना आवाज नसतो. हे तिला या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पण वर्षाराणी "आनखी, आनखी" म्हणत होती, आणि पंचशीलानं पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

सकाळी मागच्या बाजूला हौदापाशी चैताली कपडे धूत होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. पंचशीला पिळायला बसली.

"पंचे," चैताली म्हणाली, "तू आज जा."

"कुटं?"

"घरी. तुपल्या आईपाशी."

"आगं, मांडवपरतणी परवा हाय. तुला घेऊनच जायचंय की मला. नवरीला टाकून पाठराखीण आधी घरी गेली तर लोक काय म्हनतेल?"

"म्हनू दे. मला न्यायला बाबा येतेल."

पंचशीलानं पिळलेला सदरा पुन्हा पिळला. "कालचं लागलं का तुला? भाकरीचं?"

"न्हाई." चैतालीनं साबण घासला, थांबली, परत घासला. "थोडं लागलं. पण ते न्हाई. परवापासनं माझ्या सासूनं मला एकदाच नावानं हाक मारली. का म्हाईत हाय? 'चैताली, पंचशीलाला पाणी दे.'"

हौदातलं पाणी नळाच्या धारेनं हलत होतं.

"ते तुझ्याकडं बघतेत, पंचे. तू गोड हायेस, तुझं चुकत न्हाई. पण तू जाशील. मला इथं ऱ्हायचंय. मी घाटनांदूरच्या आठवणीनं रडत बसले आसते तर ह्या बायांनी मला जवळ तरी घेतलं आसतं. आता मला रडायला बी जागा न्हाई, सगळे हसायलेत."

पंचशीलानं गळा साफ केला. तिच्याकडं अशा वेळेला एकच हत्यार होतं. "ठीक आहे, ठीक आहे," ती मुख्याध्यापकांच्या आवाजात म्हणाली, नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवत, "पहिल्या बाकावरील मुलीच्या विनंतीवरून शाळा आज लवकर सुटत आहे."

चैताली हसली नाही. "असं न्हाई. तुझ्या आवाजात सांग. जाशील ना?"

पंचशीलानं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की तिकडं वर्षभरात मी पोटभर बोलते ती फक्त फोनवर, आणि काल तुझ्या घरात मला वाटलं की माझंही घर आहे. पण हे कुणाच्या आवाजात सांगायचं ते तिला सापडेना.

"जाते," ती म्हणाली.

"रागावू नको."

"न्हाई."

साखराबाईला तिनं सांगितलं की तिकडून कामाचा फोन आला, सुट्टी कमी झाली. साखराबाईनं खूप आग्रह केला. "परवा जोडीनं जाशील की! आसं आर्ध्यातनं कावून?" मग पाठराखणीची साडी काढली, वर नारळ ठेवला, आणि म्हणाली, "परत ये गं. हे तुपलंच घर समज." वर्षाराणीनं मिठी मारली. चैताली दारापर्यंत आली. दोघींनी एकमेकींच्या हाताकडं पाहिलं, तोंडाकडं नाही.

"पोचलीस की फोन कर," चैताली म्हणाली.

"करते."

सतीश तिला पाटोद्याच्या स्टँडवर सोडणार होता. तो पलीकडच्या शेडमधून मोटारसायकल काढायला गेला. पंचशीला बॅग घेऊन फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत उभी राहिली. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या माळावर एक माणूस शेरडं हाकत चालला होता, आपल्याच नादात, तोंडानं हुर्र हुर्र करत. पंचशीलानं सवयीनं ओठ हलवले आणि मिटले.

आतून वर्षाराणीचा आवाज आला. "वैनी, आता घर लई सुनं लागंल की व."

"हां ना," साखराबाई म्हणाली. "पोरगी मोठी गुणाची."

भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग एक अनोळखी आवाज आला, जरा वरच्या पट्टीतला, घाईतला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित उडी मारणारा.

"अगं ना, आमच्या तिक-डं ना, तिक-डं असं नसतं ना! तिक-डं म्हाताऱ्यांना ना, आधी 'सॉरी' म्हणायचं, मग सुई टोचायची, मग परत 'सॉरी'!"

पंचशीला चपापली. आत कोण पाहुणी आली? मग तिच्या लक्षात आलं. चैताली.

तिक-डं. 'क'वर पाय अडकतो आणि 'डं' पुढं जाऊन पडतो. मी असं बोलते? तिनं हळूच म्हणून पाहिलं. "तिक-डं." हो. असंच. आणि तो 'ना'ही तिचाच होता. हे कधी आलं, कुठून आलं, तिला पत्ता नव्हता. तिची नक्कल आजवर कुणी केली नव्हती.

आत वर्षाराणी फुटली. "आगं आये! हुबेहूब!" मग साखराबाईचं मांडीवर थाप मारणं. "आगं माय, थांब गं चैताली, थांब, पोट दुखायलं!" आणि चैताली थांबली नाही. "तिक-डं ना," ती म्हणत राहिली, "तिक-डं ना," आणि प्रत्येक वेळी घर पुन्हा हसलं.

नक्कल अजून कच्ची होती. 'सॉरी'चा शेवट चैतालीनं फार लवकर सोडला होता, तो जरा धरायला हवा होता. पंचशीलाला आत जाऊन सांगावंसं वाटलं. तिनं डोळे पुसले, तेही नारळ धरलेल्याच हातानं, आणि शेंडीचे केस गालाला चिकटले.

सतीश मोटारसायकल ढकलत बाजूला आला आणि किकवर पाय ठेवला.

"थांबा," पंचशीला म्हणाली.

"कावून? काय राहिलं का ताई?"

"न्हाई." तिनं बॅग सीटवर ठेवली आणि मागून गाडीला हात लावला. "कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ. तिथं चालू करा."

"आवं, पेट्रोल हाय की गाडीत."

"हाय, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "ढकला."

सतीशनं एकदा घराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग तो हँडल धरून चालू लागला, आणि ती मागून ढकलत राहिली. कोपरा येईपर्यंत हसणं ऐकू येत होतं.